शंभर मीटरला नेमकी, पाचशेला उजवीकडे: स्कोप बसवणीचं एक प्रकरण

.३०८ विंचेस्टरची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल. जाड बॅरल, रिसीव्हरवर (बॅरल आणि बोल्ट बसतात त्या मधल्या भागावर) एकसंध पिकॅटिनी रेल, म्हणजे ठरावीक मापाच्या आडव्या खाचांची पट्टी, तिच्यावर दोन रिंगा आणि त्यांत ३० मि.मी. नळीचा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण. नेम सरकवणाऱ्या नॉबचा एक क्लिक म्हणजे ०.१ मिल (मिल हे कोनाचं माप), अर्थात १०० मीटरला १ सें.मी. माझ्याकडे तपासायला आलेली ही रायफल फक्त टार्गेटसाठी वापरली जाणारी, आणि तिचे नेमबाज नवखे नव्हेत. त्यांच्या तक्रारी होत्या तीन, पण सांगितल्या दोनच.

पहिली तक्रार: १०० मीटरला झिरो (जिथे नेम तिथेच गोळी, अशी जुळणी) पक्का असतो, ग्रुपही (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) घट्ट येतो, पण ५०० मीटरला सगळा ग्रुप मध्यापासून साधारण १५ सें.मी. उजवीकडे पडतो. वारा डावीकडून असो, उजवीकडून असो की अजिबात नसो, गोळ्यांचा कल उजवीकडेच. दुसरी: सकाळी लावलेला झिरो तीसेक गोळ्यांनंतर जागेवर राहत नाही. कधी चार-पाच क्लिक वर जातो, कधी बाजूला.

तिसरी गोष्ट त्यांच्या लेखी तक्रार नव्हतीच. रायफल टेबलावर ठेवताना बोलता बोलता म्हणाले, "बाजूचा नॉब मध्यापासून जवळजवळ दोन मिल फिरवला तेव्हा कुठे झिरो लागला. पण लागला ना, मग झालं."

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा धागा हाच होता. बसवणीत काहीही वाकडं असलं तरी नॉब फिरवून एका ठरावीक अंतरावर गोळी मध्यात आणता येते. वाकडेपणा तेवढ्यापुरता झाकला जातो आणि अंतर बदललं की पुन्हा वर येतो. १०० मीटरचा झिरो हा बसवणी नीट असल्याचा पुरावा नाही. तो फक्त १०० मीटरचा झिरो आहे.

नेमबाजांचं स्वतःचं निदान तोवर तीन वेळा बदललं होतं: आधी वारा, मग काडतुसांची खेप, शेवटी स्कोपच खराब. स्कोप कंपनीकडे परत पाठवायचा म्हणून त्यांनी खोकंही शोधून ठेवलं होतं.

काही सैल करण्याआधी

चेंबर रिकामा पाहिला, बोल्ट बाहेर काढून ठेवला, काडतुसं दुसऱ्या खोलीत. यानंतरचा मोह असतो पाना हातात घेण्याचा. तो आवरावा, कारण स्क्रू एकदा सैल केला की रायफल ज्या अवस्थेत चुकत होती ती अवस्था कायमची गेली. मग दोष कुठे होता हे सांगता येत नाही, नुसतं "आता बरं वाटतंय" एवढंच म्हणता येतं. म्हणून आधी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर पांढऱ्या रंगाच्या पेनाने बारीक रेघ ओढली, रिंगांची जागा रेलच्या खाचांवरून लिहून ठेवली आणि दोन्ही नॉबांचे आकडे टिपले.

मग रायफल व्हाइसमध्ये आवळली आणि रेलवर लेव्हल ठेवून ती आडवी सरळ केली. लेव्हलची खात्री आधी केलेली होती: बुडबुडा जिथे थांबला ते पाहायचं, मग लेव्हल जागेवरच टोकाकडून टोकाकडे उलटी फिरवायची. बुडबुडा पुन्हा त्याच जागी आला तर लेव्हल खरी. लहान चुंबकी लेव्हल या परीक्षेत इतक्या वेळा नापास होतात की मी हे पाऊल कधीच गाळत नाही.

१०० मीटरवर एक उंच फळी उभी केली, तिच्यावर ओळंब्याच्या दोरीवरून काळी उभी रेघ मारली आणि दर १० सें.मी.ला खूण केली. स्कोपमधून पाहत फुलीचा (आतल्या उभ्या-आडव्या तारांचा) मध्य रेघेच्या वरच्या टोकावर आणला. मग रायफलला जराही धक्का न लावता वरचा नॉब १० मिल चढवला. चढवताना फुली फळीवर खाली येते. १० मिलला १०० मीटरवर ती बरोबर १ मीटर खाली यायला हवी आणि रेघ सोडायला नको.

१ मीटर ती आली. रेघ मात्र सोडली: तळाशी फुलीचा मध्य रेघेच्या डावीकडे ५ सें.मी.हून थोडा जास्त सरकलेला होता. १ मीटरला १.७५ सें.मी. सरकणं म्हणजे १ अंश, त्या हिशोबाने हा ३ अंशांचा कल. स्कोप मागून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरलेला होता. फुली खाली येताना डावीकडे जाते म्हणजे गोळी वर जाताना उजवीकडे जाणार.

ही चाचणी गोळी झाडूनही करतात, पण १० मिल चढवून झाडायचं तर मागे तेवढा उंच गोळीरोधक बांध हवा. व्हाइसमध्ये ती बिनआवाजाची होते आणि नेमबाजाचा हात हिशोबातून वगळला जातो. शिवाय एक गोष्ट जास्तीची कळते. फुलीची उभी तार ज्या दिशेला कललेली होती, नॉब फिरवल्यावर फुली त्याच दिशेने खाली आली. म्हणजे तार आणि आतली यंत्रणा एकमेकींशी जुळलेली होती आणि अख्खी नळीच रिंगांत फिरलेली होती. तार सरळ आणि फुलीचा प्रवास तिरका असं दिसलं असतं, तर दोष स्कोपच्या पोटात आहे असं मानून खोक्याचा विचार करावा लागला असता. इथे स्कोप निर्दोष सुटला.

पंधरा सेंटिमीटरचा हिशोब

या रायफलला १०० मीटरच्या झिरोवरून ५०० मीटरला जायला, गोळी वाटेत खाली पडते ते भरून काढण्यासाठी, ३.८ मिल चढवावे लागत. स्कोप ३ अंश कललेला असेल तर ३.८ मधले ०.२ मिल बाजूला वाया जातात (३ अंशांचा साइन ०.०५२). ५०० मीटरवर ०.२ मिल म्हणजे १० सें.मी. १०० मीटरला काही चढवायचंच नसतं, म्हणून तिथे हा दोष शून्य. वाऱ्याला दोष देण्याचं कारणही यातच आहे, कारण वाऱ्याचा परिणामही अंतराबरोबर वाढतो. फरक एवढाच की वारा दिशा बदलतो, कललेला स्कोप बदलत नाही.

पण तक्रार १५ सें.मी.ची होती. उरलेले ५ सें.मी. कुठून आले? बॅरलच्या आतले पीळ उजवे असले की फिरत जाणारी गोळी स्वतःच हळूहळू उजवीकडे सरकते. या वर्गाच्या काडतुसाला ५०० मीटरवर हे सरकणं ५ सें.मी.च्या आसपास असतं. तो दोष नव्हे, गोळीचा स्वभाव आहे. हे आधीच मांडून ठेवणं गरजेचं होतं. नाहीतर दुरुस्तीनंतर उरणाऱ्या ५ सें.मी.साठी आम्ही पुन्हा स्कोप फिरवत बसलो असतो.

इथे एक उपकथा आहे. चौकशीत निघालं की उजवीकडचा त्रास पूर्वी कमी होता आणि नेमबाजांनी रेलवर बबल लेव्हल बसवल्यापासून वाढला. लेव्हल अचूक होती, तरीही त्रास तिच्यामुळेच वाढला. लेव्हल नव्हती तेव्हा ते नकळत फुलीची आडवी तार टार्गेटच्या चौकटीशी जुळवून धरत. त्यात रायफल थोडी कलायची, फुली मात्र सरळ राहायची. लेव्हल आल्यावर ते बुडबुड्याशी प्रामाणिक झाले: रायफल सरळ, फुली तिरकी.

आणि खरं महत्त्व फुली सरळ असण्यालाच आहे. रायफल ३ अंश कललेली पण फुली ओळंब्यात असली तर काय बिघडतं? स्कोपचा मध्य बॅरलच्या मध्यापासून ५ सें.मी. वर असेल तर बॅरल २.६ मि.मी. बाजूला जातं. १०० मीटरला झिरो केल्यावर ५०० मीटरला त्याचा फरक जेमतेम १ सें.मी. पडतो. उलट प्रकारात १० सें.मी. दुर्दैवाने स्कोप बसवताना लोक तासभर रायफलशी जुळवत बसतात आणि ओळंबा एकदाही टांगत नाहीत. काही जण नॉबच्या टोपीवर लेव्हल ठेवून समाधान मानतात. टोपीचा सपाट माथा आणि आतली तार एकमेकींना काटकोनात असतीलच याची हमी कोणी देत नाही.

रिंगांपासून खाली

आता पाना. रिंगांच्या टोप्या सैल करण्याआधी दोन्ही बाजूंच्या फटी पाहिल्या. टोपी आणि खालचा अर्धा भाग यांच्यामध्ये दोन्हीकडे सारखी फट हवी. इथे उजवीकडे साधा कागदही सरकेना आणि डावीकडे मिलिमीटरभर मोकळी जागा. तीन अंश कुठून आले ते इथेच समजलं. उजव्या बाजूचे स्क्रू आधी पूर्ण आवळले की टोपीची ती बाजू खाली दबते, घर्षणाने नळीला सोबत ओढते आणि स्कोप घड्याळाच्या दिशेने गोल फिरतो. बसवणाऱ्याने सुरुवातीला फुली सरळ केलेलीही असेल. ती आवळताना हलली आणि आवळून झाल्यावर कोणी पुन्हा डोकावलं नाही.

टोप्या काढल्यावर नळी उचलली. मागच्या रिंगेच्या पुढच्या कडेशी, खालच्या अंगाला, नळीवर चंद्रकोरीसारखी चकचकीत खूण होती. नखाला जेमतेम लागेल इतकी. रिंग नळीला सगळीकडून सारखी धरत नव्हती, कडेने चावत होती. दोन रिंगा एका रेषेत नसल्या की हे होतं, आणि मग आवळणं म्हणजे नळी वाकवणं.

अशा वेळी बरेच जण सरळ लॅपिंगकडे वळतात: रिंगांत जाड सळई ठेवायची, घासायची पेस्ट लावायची आणि आतला पृष्ठभाग एका रेषेत येईपर्यंत मागेपुढे घासायचं. पद्धत चांगली आहे, पण तिची वेळ शेवटची. रिंगांच्या खालची रेलच वाकडी बसलेली असेल तर लॅपिंगने तो वाकडेपणा रिंगांत कायमचा कोरला जातो. नंतर रेल दुरुस्त केली की रिंगा फेकायच्या.

म्हणून रिंगाही उतरवल्या आणि रेलकडे गेलो. चार स्क्रू होते, चारही पान्याला घट्ट लागत होते. टॉर्क पान्यावर, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यावर, सगळ्यांचा आकडा ठीक. बहुतेक तपासण्या इथे संपतात. पण घट्ट लागणारा स्क्रू रेलला दाबतोच आहे असं नाही. म्हणून एक एक स्क्रू एकट्याने तपासायचा: बाकीचे तिन्ही काढायचे, उरलेला आवळायचा आणि रेल हलवून पाहायची. मागचे दोन उत्तम. पुढून दुसरा उत्तम. सगळ्यात पुढचा एकटा आवळला आणि रेल बोटाने डुलली.

त्या भोकाच्या तळाशी बॅरलचे आटे येतात. स्क्रू लांब असेल तर त्याचं टोक आट्यांवर टेकतं आणि पाना अडतो. हाताला वाटतं घट्ट झालं, पण स्क्रूचं डोकं रेलवर दाब देतच नसतं. चारही स्क्रू शेजारी ठेवले तेव्हा उलगडा झाला. लांबी सारखी नव्हती, आणि पुढचा आखूड स्क्रू मागे व मागचा लांब स्क्रू पुढे गेला होता. मागच्या भोकात गेलेला आखूड स्क्रू दोन-अडीच आट्यांवर तग धरून होता. लांबी वेगळी असलेले स्क्रू एकाच पुडीत येतात आणि दिसायला सारखे असतात. उतरवताना भोकाच्या क्रमाने पुठ्ठ्यात खोचून ठेवले की हा घोळ होत नाही.

दुसरी आणि तिसरी तक्रार इथे एकदम सुटली. रेलचं पुढचं टोक मोकळं, म्हणून प्रत्येक धक्क्याला ती बाकीच्या स्क्रूंभोवती किंचित हलायची आणि झिरो भटकायचा. आणि ती मुळातच बाजूला सरकून बसली होती, म्हणून नॉब दोन मिल फिरवावा लागला. किती सरकलं की दोन मिल होतात? दोन रिंगांमध्ये १३० मि.मी. अंतर असेल तर एका टोकाला ०.१३ मि.मी. सरकणं म्हणजे १ मिल, १०० मीटरला १० सें.मी. पाव मिलिमीटरला दोन मिल. स्क्रूच्या भोकातली मोकळीक तेवढी सहज देते.

रिंगांबाबतही एक लहान गोष्ट दिसली. त्या वीव्हर पद्धतीच्या (पिकॅटिनीसारख्याच, पण अरुंद खाचांच्या रेलसाठी केलेल्या) होत्या आणि रेल पिकॅटिनी. वीव्हरची खाच ४.५७ मि.मी. रुंद, पिकॅटिनीची ५.२३. म्हणजे वीव्हरचा आडवा बोल्ट पिकॅटिनीच्या खाचेत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त मागेपुढे खेळू शकतो. रायफल धक्क्याने मागे येते, स्कोप स्वतःच्या जडपणाने जागेवर राहू पाहतो, म्हणजेच रेलच्या तुलनेत पुढे सरकतो. त्यामुळे आवळण्याआधी रिंग पुढे ढकलून बोल्ट खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवायचा. मागची रिंग तशी टेकलेली नव्हती.

पुन्हा बसवताना

रिसीव्हरचा माथा, रेलचा तळ, भोकं आणि स्क्रू सॉल्व्हंटने तेलमुक्त केले. आट्यांवर तेल असलं की पान्याचा आकडा तोच राहतो, पण प्रत्यक्ष दाब वाढतो. रेल नुसती मागच्या दोन स्क्रूंवर आवळून पुढच्या बाजूला फीलर गेज घातलं. ०.०५ मि.मी.ची पट्टी आत गेली. इतकी फट पुष्कळ जण सोडून देतात. मी सोडत नाही, कारण पुढचे स्क्रू आवळले की रेल तेवढी वाकते आणि तो बाक रिंगांतून नळीपर्यंत पोहोचतो. रिसीव्हरवर न चिकटण्यासाठी मेणाचा हात देऊन खाली इपॉक्सीचा पातळ थर दिला आणि रेल आपल्या वजनावर सुकू दिली.

स्क्रू आपापल्या भोकांत गेले. हे ६-४८ आट्यांचे (क्रमांक ६ची जाडी, इंचाला ४८ आटे) होते, रेलच्या पत्रकात २० इंच-पाउंड लिहिलेले, म्हणजे सुमारे २.३ न्यूटन-मीटर. स्क्रू सैल होऊ न देणारं मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर एक एक थेंब. रायफलचा बोल्ट घालून तो अडकत नाही ना हेही पाहिलं, कारण मागचा लांब स्क्रू खाली डोकावला तर बोल्टला घासतो. एककांच्या बाबतीत सावध राहावं: ८.८५ इंच-पाउंड म्हणजे १ न्यूटन-मीटर, आणि पान्यावरची मोजपट्टी न पाहता आकडा लावणाऱ्यांनी स्क्रूंची डोकी तोडलेली आहेत.

सरळ बसलेल्या रेलवर रिंगा चढवल्यावर लॅपिंगची सळई दोन्हीत एकदम, न अडखळता बसली. लॅपिंगची गरजच उरली नाही.

स्कोप पुढेमागे कुठे ठेवायचा हे नेमबाजांनीच ठरवायचं असतं. झूम सर्वात जास्त ठेवून (तेव्हा डोळ्याला मिळणारी जागा सगळ्यात कमी असते), पालथं झोपून, डोळे मिटून गाल दस्त्यावर टेकवायचा आणि मग उघडायचे. कडेला काळी सावली न येता पूर्ण गोल दिसला पाहिजे. त्यांना मान पुढे काढावी लागत होती, म्हणून स्कोप दोन खाचा मागे आला. मागची भिंगाची कडी रिकाम्या आकाशाकडे पाहून फुली लख्ख दिसेपर्यंत फिरवली, एका वेळी दोन-तीन सेकंदच, नाहीतर डोळा स्वतःच जुळवून घेतो.

मग ओळंबा. तीसेक मीटरवर पांढरी दोरी, खाली वजन, आणि वजन पाण्याच्या बादलीत बुडवलेलं म्हणजे वाऱ्याने झुलत नाही. रेल लेव्हलमध्ये, उभी तार दोरीवर. टोप्यांचे स्क्रू एका वेळी पाव फेरा, तिरक्या जोड्यांनी, आणि प्रत्येक फेऱ्यानंतर डोळा स्कोपला. शेवटच्या पाव फेऱ्याला तार दोरीपासून किंचित सुटलीच. सैल करून पुन्हा केलं, तेव्हा दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आल्या आणि तार दोरीवर राहिली. टोप्या १८ इंच-पाउंडांवर, २ न्यूटन-मीटर, आट्यांना काहीही न लावता. बबल लेव्हल रेलवरून काढून स्कोपच्या नळीवर बसवली आणि तार दोरीवर असताना बुडबुडा मध्यात आणून आवळली.

निकाल

फळीवरची १० मिलची चाचणी पुन्हा घेतली. फुली १ मीटर खाली आली तेव्हा रेघेपासून ४ मि.मी. दूर होती, म्हणजे पाव अंशाच्या आत. बोल्ट काढून बॅरलमधून टार्गेटचा मध्य पाहिला आणि नॉबांनी फुली तिथे आणली. पहिल्या गोळ्या २५ मीटरला. तिथे गोळी नेमाच्या सुमारे २ सें.मी. खाली पडली की १०० मीटरचा झिरो जवळ आला असं समजायचं. बाजूचा नॉब या वेळी मध्यापासून ०.४ मिलवर थांबला. रिसीव्हरवर रेलची भोकं पाडण्यातला इतका फरक मी चालवून घेतो.

वारा पडलेला असताना ५०० मीटरला ग्रुप मध्यापासून ५ सें.मी. उजवीकडे आला, अपेक्षेप्रमाणे. नेमबाज लगेच म्हणाले, "मग स्कोप दीड अंश डावीकडे फिरवून तेवढंही घालवू या की." असं मुद्दाम करणारे आहेत, आणि एका काडतुसापुरता हिशोब फार चुकतही नाही. पण मग फुली ओळंब्यात आहे का हे विचारायची सोय राहत नाही, आणि काडतूस बदललं की पुन्हा शून्यापासून सुरुवात. त्यांनी एक क्लिक डावीकडे घेतला, ५०० मीटरला तो बरोबर ५ सें.मी.चा.

झिरो तीस गोळ्यांनंतरही एका क्लिकच्या आत राहिला. पुन्हा बसवल्यावर स्क्रूंवर नव्याने ओढलेल्या रंगाच्या रेघा साठ गोळ्यांनंतर पाहिल्या, त्या जुळलेल्या होत्या. मागच्या रिंगेचा एक स्क्रू मात्र टॉर्क पान्याने किंचित आणखी आवळला गेला, म्हणून दोनशे गोळ्यांनंतर सगळे पुन्हा तपासायचं ठरलं. नळीवरची चंद्रकोर तशीच आहे. ती नव्या जागेत रिंगेबाहेर आली, काम अडवत नाही. विकताना भाव तेवढा पडेल.